वॉल्व्हची चावी

आण्णा नगरपालिकेत वॉल्व्हमन होते.
उदगीरला तेव्हा आठव्या दिवशी नळ यायचा
आणि कुठल्या गल्लीला किती वाजता, हे
कागदावर नव्हतं, आण्णांच्या खांद्यावर होतं:
चार फुटी लोखंडी चावी, वरती आडवा दांडा.
रात्री अडीचला चौबाऱ्याचा वॉल्व्ह बंद,
पावणेतीनला बिदर रोडचा चालू.
चावीला कान लावून ते ऐकायचे,
पाणी निघालंय, की नुसती हवाच पळतेय.

मी टॉवरवर लागलो दोन हजार पाचला,
नळेगाव रोडला, तेलाच्या मिलमागं.
डिझेल मोजायचं, एसी बघायचा,
अलार्म आला की पळायचं.
आण्णांनी विचारलं, "तू नेमकं काय करलालास तिथं?"

म्हटलं, तुमचंच काम.
एक पाइप, आठ वॉर्ड.
तुमची पाळी आठ दिवसांनी फिरायची,
इथं सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातल्या पाचांच्या आत
आठही वॉर्ड उरकून चावी पुन्हा पहिल्यावर.
पहिला वॉर्ड दवंडीचा. कुणाला फोन आला, कोण कुठं आहे, एवढंच.
उरलेले सात बोलणाऱ्यांचे.
बोलणारा गप्प बसला तरी त्याचा नळ चालूच;
मामी तिकडं पदर तोंडाला लावून बसलीय,
मिनिटभर शब्द नाही,
तरी तो वॉर्ड तिचाच.

"आणि हे नेट?"

नेटला हक्काचा वॉर्डच नाही, आण्णा.
ज्याचा नळ आत्ता बंद आहे
त्याच्या पाळीत आपली घागर लावायची,
मालक आला की उचलायची.
चित्र असो, चिठ्ठी असो, आधी फोडायची,
तुकड्यांवर नंबर टाकायचे,
मिळेल त्या फटीतून सोडायचे.
पलीकडं नंबरानं जुळवतात.
एखादा वाटेत सांडला तर तेवढाच पुन्हा मागतात.
पैसे मिनिटाचे नाहीत. आलं तेवढ्याचे.

आण्णा हसले. "थेंबावर बिल?
आमच्याकडं नळ कोरडा असला तरी पट्टी सारखीच."

मग भोसरीला शिवकांताला मुलगी झाली.
जावयानं फोटो पाठवला. नेमका बाजाराचा दिवस;
अख्खा मोंढा भाव विचारत होता,
सातही वॉर्ड तुडुंब.
माझ्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर
वरून एक पट्टी उतरली: टोपडं.
मग कपाळ, त्यावर काळी तीट.
आणि तिथंच थांबलं.
कोपऱ्यातलं जी अक्षर नुसतं लुकलुकत राहिलं.

आई म्हणाली, फोन करून विचार ना, कुणावर गेलीय.
आण्णा म्हणाले, नको,
फोन लावला तर आपणच आपला नळ अडवू.

सव्वादोनला ते उठलेलेच होते.
निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी ती वेळ त्यांना सोडत नव्हती.
म्हणाले, चल.
मिलच्या कुत्र्यानं वास घेऊन सोडून दिलं.
लाइट होती चक्क, जनरेटर गार पडलेला.
केबिनच्या दाराला आण्णांनी कान लावला.
आत पंख्यांची एकसुरी घरघर.
"निघालंय," म्हणाले.

मी फोटो पहिल्यापासून मागवला.
टोपडं. कपाळ. तीट.
भुवया, असून नसल्यासारख्या.
मग बराच वेळ काहीच नाही.
या वेळी कोण बोलत असेल?
दवाखान्यातून कुणी, नाहीतर ढाब्यावरचा ट्रकवाला.
"बोलू दे त्याला," आण्णा म्हणाले,
आणि पायरीवर टेकले.

डोळे आले, मिटलेले.
नाक आमच्या आईचं.
सगळ्यात शेवटी हनुवटीशी धरलेली मूठ,
घट्ट, जशी काही त्यात चावी आहे.

मी बॅलन्स बघितला. आण्णांनी विचारलं,
"टोपड्याचे दोनदा घेतले का?"
हो, म्हटलं.
"म्हणजे नगरपालिकाच की रे," म्हणाले
आणि फोन माझ्या हातातून घेतला,
डोळ्यांजवळ नाही,
कानाशी.